चेक चोरीला गेला तर : तोंडी नको, लेखी द्या



या पानावर आपण नेहमी लागण, खोडवा, हुमणी यांविषयी बोलतो. या वेळचा पाठ वेगळा आहे, पण त्याचे कारण आपल्याच गटातले आहे. ऊसबिल आता थेट खात्यावर जमा होते हे खरे. तरी बेणे विकले, खताची उधारी भागवली, ट्रॅक्टरवाल्याचा हिशोब केला, की चेक हातात येतोच.

गेल्या हंगामात आपल्या एका सभासदांची पिशवी एस.टी. स्टँडवर चोरीला गेली. पिशवीत बेणे विकून मिळालेला क्रॉस चेक, खताच्या दुकानदारासाठी सही करून रक्कम न टाकलेला एक चेक आणि बाकीचे कोरे चेकबुक, एवढा ऐवज होता. ते तडक बँकेत गेले. खिडकीवरचे साहेब म्हणाले, "आधी पोलिसांचा कागद आणा." ठाण्यात सांगितले, "आधी बँकेचे पत्र आणा." या हेलपाट्यात दिवस मावळला. दुसऱ्या दिवशी सकाळी सही केलेला चेक खिडकीवर वटला आणि अठ्ठावीस हजार रुपये गेले. मग बँक म्हणाली, "सही तुमचीच आहे. काल तुम्ही आलात याला पुरावा काय?" मी त्यांच्याबरोबर होतो. त्या प्रश्नाला आम्हां दोघांकडेही उत्तर नव्हते. ते पैसे आजतागायत परत आलेले नाहीत. त्याच दिवशी आम्ही उरलेल्या चेकांचे अर्ज लेखी दिले, पोच घेतली, आणि ते चेक वाचले.

चेक कोणता, ते आधी ठरवा

चोरीला गेलेला प्रत्येक चेक सारखा नसतो.

१) आपल्या चेकबुकातला कोरा चेक, त्यावर चोराने आपली खोटी सही केली : अशा चेकवर पैसे देण्याचा हुकूम आपण बँकेला दिलेलाच नसतो. म्हणून नुकसान बँकेचे. बिहारमधील बिहटा येथील ऊस उत्पादकांच्या सहकारी संघाचा दावा या बाबतीत प्रसिद्ध आहे. त्यांच्या खात्याला दोन सह्या लागत. ११,००० रुपयांच्या चेकवर एक सही खरी होती, दुसरी बनावट. दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि बँकेलाच जबाबदार धरले गेले. पुढे १९८७ मध्ये कॅनरा सेल्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात हिशेबनिसाने खोट्या सहीचे ४२ चेक वटवले होते. खातेदाराने पासबुक वेळेवर तपासले नाही, एवढ्यावरून बँकेची सुटका होत नाही, असे त्यात न्यायालयाने ठरवले.

२) आपली खरी सही असलेला चेक : हा सर्वांत धोक्याचा. त्यातून तो 'धारकास' देय असेल, तर जो आणेल त्याला बँक पैसे देते. बँकेने सद्भावनेने आणि हलगर्जी न करता पैसे दिले असतील, तर १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट, म्हणजे आपला चेक-हुंडीचा कायदा, तिला संरक्षण देतो. मात्र 'पैसे देऊ नका' असे आपण आधी कळवलेले असेल आणि तरी तिने दिले, तर बाजू आपली. म्हणून येथे तासातासाला किंमत आहे.

३) दुसऱ्याने आपल्या नावे दिलेला चेक : तो थांबवण्याचा अधिकार आपल्या बँकेला नाही. ज्याने चेक दिला त्याला लगेच फोन करा. त्याने त्याच्या बँकेला कळवून चेक थांबवायचा. हरवलेल्या चेकबद्दल त्याच्याकडून दुसरा चेक मागण्याचा हक्क कायद्याने आपल्याला आहे. त्याने मागितले तर हमी लिहून द्यावी लागते.

पहिल्या तासाचे काम

४ ऑक्टोबर २०२५ पासून चेकची वसुली दिवसभर सलग चालते. सकाळी भरलेला चेक त्याच दिवशी वटू शकतो. 'उद्या बघू' म्हणण्याचे दिवस गेले.

१) बँकेच्या फोनवर किंवा मोबाईलमधील बँकेच्या अॅपवरून लगेच चेक थांबवा. तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा. चेकबुक गेले असेल तर पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंतचे सर्व नंबर द्या.

२) त्यानंतर शाखेत लेखी अर्ज द्या. अर्जाच्या दोन प्रती करा. आपल्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख आणि वेळ घ्या. शिक्का देत नसतील तर वाद घालत बसू नका. तोच अर्ज बँकेच्या ई-मेलवर धाडा आणि स्पीड पोस्टाने पाठवा. पावती जपून ठेवा.

३) पोलिसांत चोरीची फिर्याद द्या. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते. ठाण्यात नोंद घेतली नाही, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवता येते. पण चेक थांबवण्यासाठी फिर्यादीची वाट पाहू नका. चेक थांबवायला खातेदाराचा हुकूम पुरतो. "पोलिसांचा कागद मागाहून देतो, अर्ज आत्ता घ्या," असे स्पष्ट सांगा.

अर्ज थोडक्यात असा लिहावा :

"माझ्या खाते क्र. ...... वरील चेक क्र. ...... ते ...... आज दि. ...... रोजी चोरीला गेले आहेत. यांपैकी कोणत्याही चेकचे पैसे देऊ नयेत. यांतील चेक क्र. ...... वर माझी सही आहे, बाकी कोरे आहेत. हा अर्ज आज ...... वाजता दिला आहे."

चेक वटलाच असेल तर

वटलेल्या चेकची प्रत आणि तो कोणत्या खात्यात जमा झाला याची माहिती लेखी मागा. क्रॉस चेकचे पैसे खिडकीवर रोख देता येत नाहीत. ते कोणत्या तरी खात्यातच जातात, म्हणून माग लागतो. 'अकाउंट पेयी' चेक भलत्याच्या खात्यात जमा करून घेऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले आहे. तसे झाले असेल, तर जमा करून घेणाऱ्या बँकेलाही जाब विचारता येतो.

बँकेने लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला फी नाही, वकील लागत नाही. चौकशीसाठी १४४४८ हा फोन आहे. आपली बँक लोकपालाच्या कक्षेत येते का, ते शाखेतच विचारून घ्या. तक्रारीला मुदत असते, त्यामुळे महिना उलटताच पुढचा अर्ज करा. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे.

आजच करण्यासारखे

कोऱ्या चेकवर सही करून ठेवू नका. ज्याला द्यायचा त्याचे नाव आणि रक्कम टाकूनच सही करा. 'अथवा धारकास' हे शब्द खोडा. डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा मारून 'अकाउंट पेयी' लिहा. चेकबुक आणि पासबुक एका पिशवीत नेऊ नका. चेकचे नंबर घरच्या वहीत उतरवा आणि खात्याला मोबाईल नंबर जोडून घ्या.

उसात पोंगा सुकलेला दिसला की आपण त्याच दिवशी रानात उतरतो. चेक गेल्यावरही तसेच वागावे. फरक एवढाच, की येथे औषध म्हणजे शिक्का मारलेला कागद. आपले सभासद त्या दिवशी वेळेवर बँकेत पोहोचले होते. कमी पडला तो एका ओळीचा अर्ज.

अर्ज लिहिताना अडले तर गट कार्यालयात या. आपण मिळून लिहू.

आपला,
ऊस विकास अधिकारी