टीबीचा रुग्ण घरीच का ठेवतात?

प्रश्न : आमच्या जाऊबाईंना फुप्फुसाचा टीबी निघाला. दवाखान्यातून गोळ्या दिल्या आणि घरी पाठवलं. सासूबाई सांगतात, त्यांच्या दिरांना हाच आजार झाला तेव्हा मिरजेच्या सॅनेटोरियममध्ये कितीतरी महिने ठेवलं होतं. मग आता इतका सांसर्गिक आजार घरात कसा ठेवायला सांगतात? घरात लहान मुलं आहेत. हे कुणी आणि कशाच्या आधारावर ठरवलं?
– एक वाचक, जि. सांगली

उत्तर : आधी थोडक्यात सांगते. नेमाने औषध घेणारा रुग्ण घरात राहिला म्हणून घरच्यांचा धोका वाढत नाही. हे अंदाजाने ठरवलेलं नाही. आपल्याच देशात, गरीब वस्त्यांतल्या माणसांवर काळजीपूर्वक केलेल्या अभ्यासातून ते सिद्ध झालं आणि त्यानंतर जगभरातली क्षयरोगाच्या उपचाराची रीत बदलली.

तुमच्या सासूबाई सांगतात तो काळ खराच तसा होता. मिरजेजवळची वानलेसवाडी, पुण्याचं औंध, मुंबईतली शिवडी ही नावं उच्चारली की लोकांना क्षयच आठवायचा. औषधंच नव्हती तेव्हा मोकळी हवा, सक्तीची विश्रांती आणि दूध-अंडी एवढंच डॉक्टरांच्या हाती होतं. पुढे १९४०च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आणि पीएएस आली, १९५२मध्ये आयसोनियाझिड आलं आणि क्षय औषधांनी बरा होऊ लागला. पण रुग्ण लाखांनी आणि खाटा काही हजार, अशी भारताची स्थिती. सगळ्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवायचं म्हटलं, तर बहुतेकांच्या वाट्याला उपचार येणारच नव्हते.

म्हणून १९५६मध्ये मद्रासच्या चेतपेट भागात एक केंद्र उभं राहिलं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद अशा चौघांनी मिळून ते सुरू केलं. वॉलेस फॉक्स हे ब्रिटिश डॉक्टर त्याचं काम पाहत होते. तुम्ही विचारलाय तोच प्रश्न त्यांनी हाती घेतला : घरी ठेवलेला रुग्ण सॅनेटोरियममधल्या रुग्णाइतका बरा होतो का, आणि त्याच्या घरच्यांचं काय होतं?

अभ्यासात १९३ रुग्ण घेतले. कुणी घरी राहायचं आणि कुणी सॅनेटोरियममध्ये जायचं, हे ना डॉक्टरांनी ठरवलं ना रुग्णांनी. ते यादृच्छिक पद्धतीने ठरलं, म्हणजे कुठल्याच गटाला झुकतं माप मिळायला नको. औषधं दोन्हीकडे तीच : आयसोनियाझिड आणि पीएएस, वर्षभर. बाकी सगळं मात्र सॅनेटोरियमच्या बाजूने होतं. तिथे हवेशीर वॉर्ड, पूर्ण विश्रांती, चांगला आहार. घरी दाटीवाटीच्या खोल्या, बेताचं जेवण, आणि जरा बरं वाटलं की पोटासाठी पुन्हा काम.

अहवाल १९५९मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षअखेर सॅनेटोरियममधल्या ९२ टक्के रुग्णांचा आजार आटोक्यात आला होता, घरी उपचार घेणाऱ्यांपैकी ८६ टक्क्यांचा. एवढ्या प्रतिकूल परिस्थितीत घरचे रुग्ण इतके जवळ पोहोचतील, असं फार थोड्यांना वाटलं असेल. सॅनेटोरियममधल्यांचं वजन जास्त वाढलं, हेही खरं. पण जंतूंना हटवलं ते औषधांनी.

आता तुमच्या मुख्य काळजीकडे येते. दोन्ही गटांतल्या रुग्णांच्या घरच्या माणसांची पाच वर्षं तपासणी होत राहिली. रुग्ण घरातच होता अशा कुटुंबांत क्षयाचं प्रमाण जास्त आढळलं नाही. घरच्यांपैकी ज्यांना आजार झाला, त्यातल्या बहुतेकांचा तो सुरुवातीच्या तपासणीत किंवा पहिल्या वर्षातच सापडला. याचा अर्थ असा, की संसर्ग आधीच होऊन गेला होता. रुग्ण खोकत होता, पण त्याला टीबी आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं, त्या आठवड्यांत. परिणामकारक औषध सुरू झालं की साधारण दोन-तीन आठवड्यांत रुग्णाकडून संसर्ग पसरण्याची शक्यता खूपच कमी होते. औषधांना दाद न देणारा टीबी असेल, तर योग्य औषध लागू पडेपर्यंत जास्त काळ जपावं लागतं आणि ते डॉक्टर सांगतात. एरवी जाऊबाईंना आज घराबाहेर काढून मुलांचा फारसा बचाव होणार नाही. मुलांची आज तपासणी केली तर मात्र नक्की होईल.

या अभ्यासातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. मद्रासमध्ये ‘घरी उपचार’ म्हणजे गोळ्यांची पुडी हातात देऊन निरोप देणं नव्हतं. केंद्राची माणसं न कळवता रुग्णाच्या घरी जायची. उरलेली औषधं मोजायची. लघवीचा नमुना घेऊन औषध खरंच पोटात गेलंय का, हे तपासायची. ती माणसं चुका पकडण्यासाठी आलेली नसायची. औषध का सुटलं, मळमळ होते का, कामामुळे वेळ जमत नाही का, हे त्यातूनच समजायचं. पुढे कुणाच्या तरी डोळ्यांसमोर औषध घेण्याची पद्धत जगभर गेली, तिची मुळं याच केंद्रातल्या १९६०च्या दशकातल्या प्रयोगांत आहेत. उपचार घरात होते आणि आरोग्यसेवा उंबरठा ओलांडून आत येत होती, म्हणून ते ८६ टक्के.

दवाखाना रुग्णापर्यंत पोहोचला नाही तर काय होतं, हेही त्याच काळात दिसलं. बंगळुरूच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेत देबाबर बॅनर्जी आणि त्यांचे सहकारी अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांत क्षयरुग्णांशी बोलून एक अभ्यास केला. तो १९६३मध्ये छापून आला. खेड्यातली माणसं अडाणी, दुखणं अंगावर काढतात, असा समज सगळीकडे होता. प्रत्यक्षात बहुतेकांना आपल्याला काहीतरी झालंय याची जाणीव होती आणि निम्म्याहून अधिक जण औषधोपचारासाठी दवाखान्यात जाऊनही आले होते. तिथे थुंकी न तपासता त्यांना खोकल्याची बाटली देऊन परत पाठवलं होतं. म्हणजे माणसं दारापर्यंत गेली होती, आजाराची ओळख पटली नव्हती. म्हणूनच क्षयाची तपासणी नेहमीच्या सरकारी दवाखान्यात झाली पाहिजे, हा विचार आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात रुजला. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकी तपासा, हे आज आशाताई सांगतात, त्यामागे हे सगळं आहे.

तिसरी गोष्ट जेवणाची. औषधांनी क्षय बरा होतो म्हटल्यावर आहाराकडे बरीच वर्षं दुर्लक्ष झालं. छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगच्या दवाखान्यात डॉ. अनुराग भार्गव आणि सहकाऱ्यांना दिसलं, की क्षय घेऊन येणाऱ्या निम्म्या पुरुषांचं वजन ४२ किलोच्या आत होतं आणि निम्म्या बायकांचं ३४ किलोच्या आत. पुढे त्यांनी आणि डॉ. माधवी भार्गव यांनी झारखंडमध्ये मोठी चाचणी केली. रुग्णाला दरमहा १० किलोचा शिधा : तांदूळ, भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ म्हणजे तिकडचं सत्तू, दुधाची भुकटी आणि तेल. निम्म्या विभागांत घरातल्या इतरांनाही माणशी ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ. कोविडच्या टाळेबंदीतही हे काम चालू राहिलं.

निष्कर्ष २०२३मध्ये आले. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला, तिथे इतरांना क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं, आणि पसरू शकणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयाचं जवळजवळ निम्म्याने. पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचं वजन वाढलं, त्यांच्यात मृत्यूही कमी दिसले. डाळ-तांदळाने क्षयाचा आजार रोखता येतो, हे इतक्या स्पष्टपणे याआधी कुणी दाखवलं नव्हतं.

तेव्हा तुमच्या घरी काय करायचं ते सांगते. मुलांसह घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या. आजार नसला तरी प्रतिबंधक गोळ्या द्यायच्या का, हे डॉक्टर ठरवतील. सुरुवातीचे काही आठवडे जाऊबाईंनी तोंडाला मास्क लावावा, शक्य असेल तर झोपायला वेगळी हवेशीर जागा द्यावी, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि थुंकायला झाकणाचं भांडं असावं. ताटवाटी, कपडे, स्पर्श यांतून क्षय पसरत नाही. तो खोकल्या-बोलण्यातून हवेत जातो. म्हणून त्यांचं जेवण वेगळं काढण्याची गरज नाही. उलट त्यांच्या ताटात डाळ, अंडी, शेंगदाणे वाढवा आणि दर महिन्याला वजन करा. बरं वाटलं तरी एकही गोळी मधे सोडू देऊ नका.

आणि तुमचा हक्क मागून घ्या. निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी पैसे मिळतात. सुरुवातीला महिन्याला ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४पासून १००० झाले आहेत. ते आले नाहीत, गोळ्या संपल्या, मळमळ थांबत नाही, काहीही असो, आशाताईंना सांगा किंवा १८००-११-६६६६ या मोफत क्रमांकावर विचारा. जाऊबाईंची काळजी घेणं हे तुम्हा घरच्या बायकांवर ढकललेलं काम नव्हे. घरी उपचार यशस्वी होतात ते औषध, तपासणी आणि धान्य घरापर्यंत पोहोचतं तेव्हाच. मद्रासने ते दाखवलं आणि झारखंडने पुन्हा दाखवलं. तुमच्या घरीही ते पोहोचलंच पाहिजे, आणि नाही पोहोचलं तर विचारायला संकोच करू नका.