कॅमेऱ्याची सूत्रे स्वतःच्या हाती

प्रस्तावना

खिडकीशी बसून एक आजी जात्यावरच्या ओव्या म्हणत होती. गावात पिठाची गिरणी आली तसे घरातले जाते फिरायचे थांबले; ओव्या मात्र तिच्या ओठांवर राहिल्या होत्या. नातवाने मोबाइल समोर धरला, लाल बटण दाबले आणि दहा मिनिटांचे चित्रीकरण केले. नंतर पाहतो तो काय, खिडकीबाहेरचे ऊन लख्ख उमटले होते आणि आजीचा चेहरा काळवंडून गेला होता. तिने हात पुढे केला की फोकस हातावर जाई आणि चेहरा धूसर होई. आवाज तेवढा हाती लागला. चित्रीकरणातील सर्व निर्णय यंत्रावर सोपवले की असे घडते. ते निर्णय आपल्याकडे कसे घ्यावेत, याची माहिती या पाठात दिली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यावर विद्यार्थ्याला –
• स्वयंचलित कॅमेऱ्याच्या मर्यादा सांगता येतील;
• शटरगती, आयएसओ, व्हाइट बॅलन्स आणि फोकस यांचे कार्य स्पष्ट करता येईल;
• चित्रीकरणापूर्वीची तयारी क्रमाने करता येईल.

मूळ पाठ

१. यंत्राचा हिशेब

स्वयंचलित कॅमेरा चौकटीतील एकूण उजेडाचा अंदाज घेऊन चित्र किती उजळ हवे ते ठरवतो. खिडकी प्रखर असेल तर तो चित्र मंद करतो आणि खिडकीपुढचा माणूस अंधारात जातो. आजच्या मोबाइलमध्ये चेहरा ओळखण्याची सोय असते; पण पाठीमागून येणाऱ्या तीव्र प्रकाशापुढे तीही पुष्कळदा अपुरी पडते. शिवाय चित्रीकरण चालू असतानाही यंत्राचे निर्णय बदलत राहतात. मागून कोणी पांढरा सदरा घालून गेले, तरी समोरच्या चेहऱ्याचा उजेड कमीजास्त होतो. चौकटीत महत्त्वाचे काय आहे, हे यंत्राला ठाऊक नसते. ते चित्रीकरण करणाऱ्यालाच ठाऊक असते.

२०१४ साली आलेल्या आयओएस ८ आणि अँड्रॉइड ५ या प्रणालींमुळे कॅमेऱ्याची सूक्ष्म नियंत्रणे ॲप तयार करणाऱ्यांना खुली झाली. अँड्रॉइडवरील ‘ओपन कॅमेरा’ आणि २०२३ साली आयफोनवर व २०२४ साली अँड्रॉइडवर आलेले ‘ब्लॅकमॅजिक कॅमेरा’ ही अशी विनामूल्य ॲप होत. काही मोबाइलमध्ये ‘प्रो’ नावाची तशीच सोय मुळातच असते.

२. चार नियंत्रणे

शटरगती : प्रत्येक चौकटीसाठी प्रकाश किती वेळ घ्यायचा, हे शटरगती ठरवते. सेकंदाला २५ चौकटी घ्यायच्या असतील, तर शटरगती १/५० सेकंद ठेवावी, असा चित्रपट व्यवसायातील जुना संकेत आहे. त्यामुळे हलणारा हात डोळ्यांना दिसतो तसा सहज दिसतो. भारतात या आकड्याला आणखी एक कारण आहे. येथील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने पुष्कळ दिवे सेकंदाला १०० वेळा मंद आणि तेजस्वी होतात. १/५० सेकंदात असे बरोबर दोन हेलकावे मावतात, म्हणून प्रत्येक चौकट सारखी उजळते. १/६० ठेवल्यास हा मेळ चुकतो आणि चित्रात सरकणारे पट्टे किंवा लुकलुक दिसू शकते.

आयएसओ : हा आकडा वाढवला की चित्र उजळते, पण त्याबरोबर त्यात कणकण दिसू लागते. म्हणून आयएसओ शक्य तितका कमी ठेवावा आणि उजेड कमी पडला तर प्रथम माणसाची जागा बदलावी.

व्हाइट बॅलन्स : पिवळ्या दिव्याचा प्रकाश सुमारे ३००० केल्विन, तर दुपारच्या उन्हाचा सुमारे ५५०० केल्विन असतो. योग्य आकडा एकदा ठरवून कायम केला, की चेहऱ्याचा रंग मध्येच बदलत नाही. खिडकीचा उजेड आणि पिवळा दिवा एकत्र येत असतील, तर दिवा बंद करणे उत्तम.

फोकस : बोलणारा एका जागी बसला असेल, तर फोकस त्याच्या डोळ्यांवर आणून कायम करावा. अंतर बदलले, तर तो पुन्हा साधावा लागतो.

भर उन्हात १/५० या शटरगतीने चित्र फार पांढरे पडते. बहुतेक मोबाइलच्या भिंगाचे छिद्र लहानमोठे करता येत नाही. अशा वेळी सावलीत जावे, भिंगापुढे काळसर फिल्टर लावावा किंवा शटरगती वाढवावी.

३. दुसरा प्रयत्न

दुसऱ्या दिवशी सकाळी नातवाने आजीला खिडकीकडे तोंड करून बसवले. मोबाइल स्टुलावर पुस्तकांच्या आधाराने उभा केला. चौकटी २५ आणि शटरगती १/५० ठेवून आयएसओ चेहरा नीट दिसेल एवढाच वाढवला. रंग आणि फोकस कायम केले. अर्ध्या मिनिटाचे चाचणी चित्रीकरण करून तो आवाजही ऐकून पाहिला. पंख्याची घरघर येत होती, म्हणून पंखा बंद केला. मग आजी गाऊ लागली. या वेळी तिच्या चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती स्पष्ट उमटली. मात्र आदल्या दिवशी म्हटलेल्या दोन ओव्या तिला काही केल्या आठवल्या नाहीत. त्या पहिल्याच, अंधाऱ्या चित्रात राहिल्या.

४. मोबाइलवरचा चित्रपट

शॉन बेकर यांचा ‘टँजरिन’ हा २०१५ सालचा इंग्रजी चित्रपट आयफोन ५एस या मोबाइलवर चित्रित झाला. त्यासाठी ‘फिल्मिक प्रो’ हे नियंत्रणे हाती देणारे ॲप आणि भिंगावर बसवायचे एक जोडभिंग वापरले गेले. साधन खिशात मावणारे असले, तरी प्रत्येक दृश्याचा उजेड आणि रंग विचारपूर्वक ठरवता येतो, हे त्यातून दिसते.

शब्दार्थ

चौकट – चलचित्रातील एक स्थिर चित्र
वारंवारता – एका सेकंदातील आवर्तनांची संख्या
संकेत – रूढ नियम
धूसर – अस्पष्ट

आपण काय शिकलात?

• स्वयंचलित कॅमेरा उजेड मोजतो. महत्त्वाचे काय ते माणसाने ठरवायचे असते.
• चित्रीकरणापूर्वी चारही नियंत्रणे ठरवून कायम केल्यास चित्र स्थिर राहते.
• पुन्हा न येणाऱ्या प्रसंगाची तयारी आधीच करावी लागते.

स्वाध्याय

१. आजीचा चेहरा पहिल्या चित्रीकरणात का काळवंडला?
२. भारतात दिव्याखाली चित्रीकरण करताना १/५० ही शटरगती का सोयीची ठरते?
३. ‘त्या पहिल्याच, अंधाऱ्या चित्रात राहिल्या’ या वाक्यातून काय सूचित होते, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.
४. उपक्रम : घरातील किंवा शेजारच्या वयस्कर व्यक्तीची परवानगी घेऊन तिच्या एका आठवणीचे दोन मिनिटांचे चित्रीकरण करा. प्रत्येक नियंत्रण कोणत्या आकड्यावर ठेवले आणि का, याची नोंद वहीत करा.