लहान कॅबिनेटची रचना : माप, हवा आणि हात

संगणकाचे कॅबिनेट आपण बाहेरून पाहतो. रचनाकाराला ते आतून पाहावे लागते. भागांना जागा, हवेला वाट आणि दुरुस्ती करणाऱ्या हाताला शिरकाव या तिन्ही गोष्टी साधल्या, तरच कॅबिनेटच्या लहानपणाला अर्थ आहे, असे आम्ही मानतो.

प्रथम मापांचा इतिहास पाहू. १९९५ मध्ये इंटेलने मांडलेल्या एटीएक्स प्रमाणातील मदरबोर्ड ३०५ × २४४ मि.मी. असतो. २००१ मध्ये तैवानच्या व्हीआयए कंपनीने १७० × १७० मि.मी.चा मिनी-आयटीएक्स बोर्ड पुढे आणला. क्षेत्रफळ सुमारे दोन पंचमांशांवर आले. १२५ × १०० × ६३.५ मि.मी.चा एसएफएक्स पॉवर सप्लायही याच कामी येतो. मापे ठरलेली असल्यामुळे एका कंपनीचा भाग बिघडल्यास दुसरीचा बसवता येतो.

त्यानंतर मांडणीचा प्रश्न येतो. नेहमीच्या कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्ड बोर्डाशी काटकोनात राहते आणि बरीच जागा रिकामी पडते. 'सँडविच' मांडणीत मधोमध पत्र्याची उभी भिंत असते. तिच्या एका बाजूस बोर्ड, दुसऱ्या बाजूस कार्ड बसते व रायझर केबल दोहोंना जोडते. डॅन ए४-एसएफएक्स हे सुमारे ७.२ लिटरचे कॅबिनेट याच मांडणीचे आहे.

आता एक गणित करू. २०० × १२० × ३२० मि.मी.च्या पेटीचे आकारमान ७.६८ लिटर होते. रुंदी १० मि.मी.ने वाढवली, तर ते ८.३२ लिटर होईल. एवढ्या वाढीत प्रोसेसरवर तितकाच अधिक उंच कूलर बसू शकतो. केवळ लिटरचा आकडा लहान दिसावा म्हणून ही जागा नाकारणे शहाणपणाचे नव्हे. प्रोसेसर फार तापला की स्वतःचा वेग कमी करतो. म्हणजे ज्या वेगासाठी पैसे मोजले, तोच हातून जातो. शिवाय नुसत्या पंख्याने कोणताही भाग आत येणाऱ्या हवेपेक्षा थंड होत नाही. विदर्भाच्या उन्हाळ्यात खोलीच तापलेली असते, हे येथील रचनाकाराने विसरू नये.

ॲपलचा २००० सालचा जी४ क्यूब या दृष्टीने अभ्यासनीय आहे. त्यात थंड करणारा पंखा नव्हता. गरम हवा मधल्या पोकळीतून आपोआप वर जाई. तळाची मूठ धरून आतला सारा गाभा बाहेर काढता येई. खप अपेक्षेइतका न झाल्याने २००१ मध्ये त्याचे उत्पादन थांबले; तथापि हवा आणि हात या दोहोंचा विचार त्यात आधीच झालेला होता.

ज्या विद्यार्थ्यांना स्वतः कॅबिनेट करून पाहायचे असेल, त्यांनी लगेच पत्रा कापू नये. प्रत्येक भागाचे माप घेऊन पुठ्ठ्याचे ठोकळे करावेत. केबल व तिचे वळण यांसाठी जागा सोडावी, कूलरसमोर जाळी आखावी, गरम हवेला बाहेर पडण्याची वाट ठेवावी. मग एकेक ठोकळा काढून पाहावा. एक भाग काढण्यासाठी उरलेले सर्व भाग उतरवावे लागत असतील, तर मांडणी पुन्हा करावी. पुठ्ठ्यावर झालेली दुरुस्ती पत्र्यावरील दुरुस्तीपेक्षा फार स्वस्त पडते.