शर्यत निवडताना हवेचा विचार

थंडीची चाहूल लागली की लांब पल्ल्याच्या शर्यतीत नाव नोंदवू पाहणारी मंडळी हृदयाचा आलेख काढून घेण्यासाठी दवाखान्यात येतात. आणि स्वतःच्या प्रकृतीची इतकी कसून झडती घेणारी हीच माणसे, ज्या हवेत ती प्रकृती कसास लागावयाची त्या हवेविषयी मात्र ‘जानेवारी म्हणजे थंडीच की’ एवढ्या पुराव्यावर निर्धास्त असतात, याचे मला नेहमी नवल वाटते.

मुंबईच्या मॅरेथॉनचेच पाहा. जानेवारीत तेथील किमान तापमान सरासरी १७ अंशांच्या आसपास असले, तरी कमाल ३१ च्या घरात जाते. सबब पहाटे ५ वाजता निघून साडेतीन तासांत परतणारा आणि ११ वाजता परतणारा, हे दोघे एकाच रस्त्याने परंतु दोन निराळ्या ऋतूंत धावत असतात, आणि शेवटच्या टप्प्यातील पेडर रोडचा चढ या दुसऱ्याच्या वाट्यास भर उन्हात येतो. त्यात समुद्राकाठचा दमटपणा! धावताना स्नायूंनी खर्चिलेल्या शक्तीचा सुमारे तीनचतुर्थांश भाग उष्णता होऊन बसतो, व तिचा निचरा मुख्यत्वे घाम वाळण्यानेच होतो. नुसत्या ठिबकून गेलेल्या घामाने अंग भिजते, निवत नाही. म्हणून डिसेंबरातील पुण्याच्या कोरड्या गारव्यात साधलेल्या वेळेच्या हिशेबाने मुंबईत धावू नये. लेहची हवा थंड खरी. पण तेथे सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील विरळ हवेचा जाच निराळा.

हवामान खाते ३० वर्षांच्या नोंदींवरून जी मासिक सरासरी काढते ती अवश्य पाहावी, मात्र तिला हमीपत्र समजू नये. ७ ऑक्टोबर २००७ रोजी शिकागोत पारा ३१ अंशांपर्यंत चढला आणि मॅरेथॉन मध्येच थांबवावी लागली. वास्तविक ऑक्टोबर हा तेथे सुखद गारव्याचा महिना. थंड प्रदेशातून उष्ण गावी धावावयास जाणाऱ्याच्या शरीरास तेथील हवा अंगवळणी पडण्यास १० ते १४ दिवस लागतात, आणि आदल्या रात्री गाडीतून उतरणाऱ्यास ही मुभा मिळत नाही.

रक्तदाबासाठी लघवी वाढविणारे औषध घेणाऱ्यांनी नाव नोंदविण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारावे. आणि आदल्या आठवड्यात ताप किंवा जुलाब झाले असतील, तर शुल्क भरले आहे एवढ्याच कारणास्तव कोणीही धावू नये.