आईवडिलांचा खटला आणि मुलांची शाळा : रोझेनबर्ग फंडाची ओळख



एखाद्या मुलाच्या आईचं किंवा वडिलांचं नाव पेपरात येतं. आंदोलन, अटक, कोर्ट. मोठी माणसं बाजू घेऊन बोलायला लागतात. पण सकाळी दप्तर घेऊन वर्गात येतं ते मूलच. अशा मुलांसाठीच सुरू झालेली अमेरिकेतली एक संस्था आज आपण समजून घेऊया : रोझेनबर्ग फंड फॉर चिल्ड्रन.

पार्श्वभूमी

ज्युलियस आणि एथेल रोझेनबर्ग हे न्यूयॉर्कमधलं कम्युनिस्ट विचारांचं जोडपं. सोव्हिएत रशियाला अणुबॉम्बची गुपितं पुरवण्याच्या कटाचा आरोप ठेवून १९५० साली दोघांना अटक झाली. १९ जून १९५३ रोजी सिंग सिंग तुरुंगात दोघांनाही विजेच्या खुर्चीत मृत्युदंड देण्यात आला. तेव्हा त्यांचा मोठा मुलगा मायकेल १० वर्षांचा आणि धाकटा रॉबर्ट ६ वर्षांचा होता. म्हणजे आपल्याकडचे पाचवीतले आणि पहिलीतले विद्यार्थीच म्हणा ना!

अटकेनंतर ही मुलं आधी एका आजीकडे, मग मुलांच्या आश्रमात, मग दुसऱ्या आजीकडे, आणि पुढे न्यू जर्सीतल्या टॉम्स रिव्हर गावी ओळखीच्या कुटुंबात राहिली. ती इथली रहिवासी नाहीत, असं कारण देऊन तिथल्या शाळेने त्यांना काढून टाकलं. नियमाचं कलम सापडलं, पण मुलांची शाळा सुटली.

हात कोणी दिला?

रोझेनबर्ग यांचे वकील इमॅन्युएल ब्लॉक यांनी मुलांच्या संगोपनासाठी लोकांकडून निधी जमवला. एबेल आणि अ‍ॅन मीरोपोल या दांपत्याने मुलांना घरी आणलं. एबेल हे पूर्वी ब्रॉन्क्समधल्या हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवणारे शिक्षक, आणि बिली हॉलिडे यांनी गाजवलेल्या 'स्ट्रेंज फ्रूट' या गाण्याचे कवी. १९५४ मध्ये कोर्टाच्या आदेशाने मुलांना पुन्हा त्या घरातून नेण्यात आलं. पण अखेर ती मीरोपोल यांच्याकडेच वाढली आणि त्यांचंच आडनाव लावू लागली.

फंडाची सुरुवात आणि वाढ

रॉबर्ट मोठे होऊन वकील झाले. आपण सावरलो ते लोकांनी सांभाळलं म्हणून, ही जाणीव त्यांना होती. वकिली सोडून १९९० साली त्यांनी आईवडिलांच्या आडनावाने हा फंड सुरू केला. या कामाला ते 'विधायक सूड' म्हणतात. अन्यायाची आग दुसऱ्या मुलांच्या उपयोगी लावायची, हा त्याचा अर्थ.

सामाजिक कामामुळे ज्यांची नोकरी गेली, ज्यांच्यावर हल्ला झाला किंवा ज्यांना तुरुंगात जावं लागलं, अशा अमेरिकेतल्या कार्यकर्त्यांच्या मुलांना फंड मदत करतो. मदत कशासाठी, ते बघा : शाळेची फी, समुपदेशन, संगीत-चित्रकलेचे वर्ग, उन्हाळी शिबिर. तुरुंगातल्या आईला किंवा वडिलांना भेटायला जाण्याचा खर्चसुद्धा. पैसे साधारणपणे थेट त्या शाळेला, शिबिराला किंवा समुपदेशकाला दिले जातात.

हळूहळू कक्षा रुंदावली. ज्यांना स्वतःच्याच कामामुळे त्रास झाला अशा तरुण कार्यकर्त्यांनाही मदत मिळू लागली. १८ ते २४ वयोगटासाठी वेगळं अनुदान सुरू झालं. २०१३ मध्ये रॉबर्ट यांनी सूत्रं मुलगी जेनिफर यांच्याकडे दिली. ज्या आजीआजोबांना कधी पाहिलंच नाही, त्यांच्या नावाचं काम आता नात पुढे नेते आहे.

एक अवघड प्रश्न

तुम्ही म्हणाल, आईवडील खरोखर दोषी असतील तर? सोव्हिएत हेरांचे उलगडलेले संदेश अमेरिकन सरकारने १९९५ पासून खुले केले. ज्युलियस हेरगिरीत होते, हे पुढे मुलांनीही मान्य केलं. एथेल यांच्या सहभागावर आजही वाद आहे. पण त्या उत्तराने सहा वर्षांच्या रॉबर्टची गरज बदलत होती का? त्याला शाळा हवी होती, जेवण हवं होतं, जवळ घेणारं माणूस हवं होतं. निकाल काहीही लागो, मुलाची गरज तीच राहते.

आपण वर्गात काय करू शकतो?

१. घरच्या प्रकरणाची चौकशी मुलाकडे करू नये. मुलाने स्वतःहून सांगितलं तर शांतपणे ऐकावं.
२. चिडवाचिडवी सुरू झाली तर त्याच दिवशी थांबवावी.
३. दाखला, पत्ता, फी अशी अडचण आली तर आधी मूल वर्गात बसेल हे बघावं, कागद नंतर पूर्ण करून घ्यावेत.
४. सहल, गॅदरिंग, खेळ यांतून ते मूल सुटू देऊ नये. ज्याचं घर विस्कटलं आहे, त्याला या साध्या गोष्टींचाच मोठा आधार असतो.

पालकहो, तुमच्याकडून एकच अपेक्षा. अशा घरातल्या मुलाला आपल्या मुलाच्या वाढदिवसाला नेहमीसारखंच बोलवा. त्यासाठी फंड लागत नाही.