समुद्र नसलेल्या गावाचा जहाजात वाटा

प्रश्न : युद्धनौका ‘कमिशन’ झाली म्हणजे त्या दिवशी नेमके काय होते? आणि समुद्रापासून एवढ्या लांब असलेल्या आपल्या शहराचा त्याच्याशी काही संबंध येतो का?
– एक वाचक, सिडको, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : जहाज प्रथम पाण्यात उतरते ते जलावतरण. नारळ फुटतो, मंत्र म्हटले जातात आणि प्रथेने जलावतरणाचा मान स्त्रीला मिळतो. मात्र यंत्रे, शस्त्रे आणि समुद्रातल्या चाचण्या त्यानंतर. त्यात वर्षे जातात. हे सारे पार पडल्यावर कमिशनिंग. कप्तान वॉरंट वाचून दाखवतो. राष्ट्रगीत सुरू असताना जहाजाच्या मागच्या टोकाला नौदलाचे निशाण पहिल्यांदा चढते आणि डोलकाठीवर लांब, चिंचोळी पताका उलगडते. ती पताका खाली येते ती थेट जहाज निवृत्त होताना, सूर्यास्ताला.

आता आपला संबंध. दुसऱ्या महायुद्धात मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. स्कॉटलंडमधील क्लाइडबँकला बांधलेली एक विनाशिका जानेवारी १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नौदलात दाखल झाली. तिचे नाव ‘निजाम’; युद्धाला मोठी देणगी देणारे हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून ठेवलेले. तिने तोब्रुकला रसद पोचवली, क्रीटमधून सैनिक सोडवले आणि २ सप्टेंबर १९४५ रोजी जपानने शरणागतीवर सही केली तेव्हा ती टोकियोच्या उपसागरात होती. निजामाच्या वैभवामागे रयतेचा शेतसारा होता, त्यात आपल्या औरंगाबाद सुभ्याचाही. नाव मात्र एकट्या राजाचे लागले.

स्वतंत्र भारताने ही रीत बदलली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. आपल्या अलीकडच्या विनाशिकांना शहरांची नावे मिळतात. २६ डिसेंबर २०२३ रोजी मुंबईत दाखल झालेली ‘इम्फाळ’ ही ईशान्येतल्या शहराचे नाव लाभलेली पहिली युद्धनौका. इम्फाळलाही समुद्र नाहीच.

आपल्या शहराचे नाव अजून कोणत्याही युद्धनौकेवर नसले, तरी आपला आजचा वाटा त्याहून मोलाचा आहे. राज्य सरकारने १९७७ मध्ये सुरू केलेली सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था, म्हणजे ‘एसपीआय’, आपल्याच शहरात आहे. महाराष्ट्रभरातली मुले इथे घडतात आणि राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीमार्गे तिन्ही दलांत अधिकारी होतात. घरातल्या दहावीच्या मुलाला या संस्थेची प्रवेशपरीक्षा जरूर द्यायला सांगा. जहाज चालवते ते मनुष्यबळ, आणि ते मराठवाड्यातूनही गेले पाहिजे.