लसीमुळे स्वमग्नता येते का?

प्रश्न : मुलगा सोळा महिन्यांचा आहे. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस द्यायचाय. पण लसीने मूल स्वमग्न होतं, असं सासूबाई म्हणतात. काय करू? – एक आई, चाकण

उत्तर : डोस निर्धास्त द्या, सरकारी केंद्रात तो मोफत आहे. ही भीती १९९८च्या, अवघ्या १२ मुलांवरच्या ब्रिटिश शोधनिबंधातून पसरली. तो छापणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो २०१०मध्ये मागे घेतला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या अभ्यासातही (२०१९) संबंध आढळला नाही. लक्षणं नेमकी याच वयात ध्यानात येतात, म्हणून आळ लसीवर येतो. गोवराने मात्र २०२२मध्ये मुंबईत बालकांचे बळी घेतले. हाक मारल्यावर मुलगा वळून बघत नसेल, बोटाने वस्तू दाखवत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना जरूर दाखवा. डोस मात्र लांबवू नका.